साखरपुड्याच्या अंगठीसाठी हिऱ्याचा शेप कुठला घ्यावा? (ठाणे-नवी मुंबई)

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा करायचं ठरतंय आणि अंगठीचं काम माझ्याकडे आहे. मी कोपरखैरण्याला राहतो, ती ठाण्याची, नौपाड्यातली. हिऱ्याची अंगठी हवी हे दोघांचं पक्कं आहे, बजेट दोन लाखांच्या आत, पण शेपवर गाडी अडलीय. वाशीला सेक्टर १७ मध्ये बघितल्या, राममारुती रोडला बघितल्या, आणि दुकानात त्या ट्रेवर काढून ठेवल्या की सगळ्याच छान दिसतात, राउंड पण, ओव्हल पण, तो चौकोनी प्रिन्सेस पण. आई म्हणते हिरा म्हणजे गोल, बाकी सगळं चार दिवसांचं फॅड. हिने सेव्ह केलेले फोटो बघितले तर बहुतेक ओव्हल आणि एखाददुसरा एमराल्ड कट.

एक महत्त्वाचं, ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर हात पेशंटच्या पाठीवर, खांद्यावर, गुडघ्यावर. आणि अंगठी रोज घालायची आहे, लॉकरमध्ये ठेवायला नको असं तिचं म्हणणं. तर शेप कुठला घ्यावा आणि घेताना नेमकं बघायचं काय? दुकानदार सर्टिफिकेट पुढे करतात, त्यात काय वाचायचं तेही सांगा प्लीज.

पाचपाखाडी
अभिनंदन! राउंड घ्या. चमक सगळ्यात जास्त, कुठल्याही हाताला शोभतो, कोपरे नाहीत त्यामुळे अडकायची भीती कमी, आणि उद्या एक्स्चेंज करायची वेळ आली तर गोल हिऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. आईंचं बरोबर आहे. बायकोची राउंड आहे, लग्नापासून हातात आहे, पोळ्या, भांडी, लोकल सगळं त्याच हाताने, अजून एक खडा हललेला नाही.

मोगरा_नेरुळ
माझी प्रिन्सेस कट होती, तिचं सांगते. दिसायला खरंच सुंदर, सरळ रेषा, आधुनिक दिसायची. पण चारी कोपरे टोकदार असतात आणि माझ्या अंगठीत सोन्याची नखं कोपऱ्यांवर न बसवता बाजूंच्या मध्यावर बसवली होती, म्हणजे कोपरे उघडेच. ट्रान्सहार्बरला नेरुळ ते ठाणे जा-ये, ऐरोली-रबाळेची गर्दी तुम्हाला माहीतच आहे, एक दिवस दाराजवळच्या स्टीलच्या खांबावर हात जोरात आपटला. तेव्हा काही कळलं नाही, घरी आल्यावर ओढणीचा धागा सारखा अडकायला लागला म्हणून भिंगातून बघितलं तर एका कोपऱ्याचा टवका गेलेला. दुकानात गेले तर म्हणाले हिरा तुटतच नाही, तुम्ही कशावर तरी घासला असेल. शेवटी दुसऱ्या कारागिराकडून कोपरा झाकणारं नख बसवून घेतलं. तुमच्या होणाऱ्या मिसेसचं काम हाताचं आहे म्हणून मुद्दाम लिहिलं. टोकदार कोपऱ्याचा काहीही घेतलात, प्रिन्सेस, पेअर (थेंबासारखा), मार्कीज (दोन्ही टोकांना निमुळता), तर टोकावर व्ही आकाराचं नख आहे का ते आधी बघा.

कोंदण
माझे वडील झवेरी बाजारात जडावाचं काम करायचे, मी तेच काम ठाण्यात करतो. हिरे बसवतो, विकत नाही, त्यामुळे कुठल्या शेपची बाजू घ्यायचं मला कारण नाही. थोडं सविस्तर लिहितो.

मोगराताई, "हिरा तुटतच नाही" हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते चूक आहे. हिऱ्यावर दुसऱ्या कशाने ओरखडा पडत नाही, कठीणपणात तो १० पैकी १०, पण कठीण असणं आणि फटका सोसणं या वेगळ्या गोष्टी. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की त्या रेषेत फटका बसला तर तो सरळ फुटतो, जुने कारागीर याच गुणावर कच्चा हिरा फोडायचे. पातळ टोक म्हणजे तिथे सोसायला मालच कमी.

आता राउंडचं. राउंड ब्रिलियंटला ५७ पैलू असतात, खालच्या टोकाला बारीक पैलू दिला तर ५८. मार्सेल टोल्कोव्स्की नावाच्या हिरेकामातल्या घराण्यातल्या माणसाने १९१९ मध्ये गणित मांडून दाखवलं की वरचा आणि खालचा उतार किती अंशाचा ठेवला की आत गेलेला प्रकाश खालून निसटून न जाता परत वर येतो. तेव्हापासून शंभर वर्षं जगभर याच एका आकारावर सगळ्यात जास्त काम झालंय, त्यामुळे राउंड चांगला आहे की नाही हे आकड्यांत सांगता येतं. जीआयए म्हणजे हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी अमेरिकन लॅब, तिच्या रिपोर्टवर २००६ पासून राउंडला कटची ग्रेड मिळते, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड वगैरे. दोन लाखांत राउंड घेत असाल तर कट एक्सलंट आणि रंग जी-एच (म्हणजे जवळजवळ पांढरा), शुद्धता व्हीएस (म्हणजे आतले दोष अगदी बारीक; व्हीएस१ हा व्हीएस२ पेक्षा वरचा) एवढं धरून चाललात तरी उत्तम वस्तू मिळते.

बाकी शेपना, म्हणजे ओव्हल, कुशन (गोलसर कोपऱ्यांचा चौकोनी), पेअर, एमराल्ड सगळ्यांना, जीआयए कटची ग्रेड देतच नाही. पॉलिश आणि सिमेट्री लिहिलेली असते, ती दोन्ही एक्सलंट असूनही हिरा मधोमध काळवंडलेला असू शकतो. सर्टिफिकेट बघून निर्णय घ्यायचा असेल तर राउंड घ्या. बाकी काही घ्यायचं असेल तर कागद बाजूला ठेवून खडा बघायला लागतो आणि तो दुकानाच्या दिव्याखाली नाही. दुकानाच्या छतात जे बारीक पिवळे-पांढरे दिवे असतात ना, त्यांच्याखाली काचसुद्धा चमकते. खिडकीपाशी या, नाहीतर काउंटरवरच्या माणसाला विनंती करून दारापर्यंत या, सावलीत बघा, मग साध्या ट्यूबलाइटखाली बघा. तिच्या क्लिनिकमध्ये असा पिवळा स्पॉटलाइट थोडाच असणार आहे. जिथे तिचा दिवस जातो त्या उजेडात जो खडा जिवंत दिसेल तो घ्यायचा.

खाडीपल्याड
कोंदण दादा, खूप आभार. हे कटच्या ग्रेडचं कुणीच सांगितलं नव्हतं, उलट ओव्हल दाखवताना "ट्रिपल एक्सलंट आहे साहेब" म्हणाले. आणि मधोमध काळवंडणं म्हणजे काय, ते ओळखायचं कसं?

कोंदण
ओव्हलला तीन एक्सलंट म्हणाले तर रिपोर्ट कुणाचा ते बघा, लॅबनुसार फरक असतो, आणि जीआयएचा असेल तर तिसरं एक्सलंट नक्की कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

काळवंडण्याला या धंद्यात बो-टाय म्हणतात. ओव्हल, पेअर, मार्कीज, लांबट कुठलाही खडा घ्या, मध्यभागी आडवी, दोन्ही बाजूंना रुंद होत जाणारी काळी पट्टी दिसते. तो डाग नसतो, हिऱ्यात काही घाण नसते. लांबट आकारात मधल्या भागातले खालचे पैलू असे झुकलेले असतात की ते समोरून बघणाऱ्याच्या डोक्याचीच सावली परत दाखवतात. थोडी बो-टाय जवळजवळ सगळ्यांत असते आणि थोडी असली तर उलट चमकेला खोली येते. पण काहींत ती अशी गडद असते की हात कसाही फिरवा, मध्ये पट्टी ती पट्टीच.

बघायची रीत अशी. खडा सुटा असेल तर चिमट्यात, नाहीतर अंगठीतच, वरची सपाट बाजू डोळ्याकडे करून हातभर लांब धरा. अगदी नाकाशी नको, जवळ आणलं की तुमचंच डोकं जास्त प्रकाश अडवतं. मग सावकाश डावी-उजवी, वर-खाली डुलवा. पट्टी पसरते, तुटते, मधून उजेड चमकून जातो, असं झालं तर खडा चांगला. पट्टी जागेवरून हलतच नाही असं दिसलं तर परत ठेवा, कितीही डिस्काउंट देऊ देत. ऑनलाइन घेणाऱ्यांनी निदान फिरता व्हिडिओ मागावा, एका फोटोत बो-टाय सहज लपवता येते.

ऐरोली_लाईन
सगळे चमक चमक करतायत म्हणून एमराल्ड कटच्या बाजूने लिहिते, माझ्या हातात तोच आहे. यात पैलू बारीक त्रिकोणी नसतात, लांब लांब समांतर पट्ट्या असतात, बारवेच्या पायऱ्या वरून बघाव्यात तशा एकाखाली एक उतरत गेलेल्या. राउंडसारखी चकमक होत नाही, पण हात हलवला की एक पूर्ण पट्टी उजळते आणि विझते, मग पुढची. कंपनीत माइंडस्पेसला दिवसभर पांढऱ्या लाइटमध्ये बसून काम करते, तिथे राउंड शांत पडतो आणि हा मात्र अगदी नितळ दिसतो. कोपरे कापलेले असतात त्यामुळे टवका जायची भीती प्रिन्सेसपेक्षा पुष्कळ कमी.

मात्र एक. हा खडा काही लपवत नाही. वरची सपाट खिडकी मोठी असल्यामुळे आतला बारीकसा काळा ठिपकाही थेट दिसतो, त्यामुळे शुद्धता व्हीएस२ च्या खाली जाऊ नका, आणि व्हीएस२ मध्येही ठिपका मधोमध आहे की कडेला ते रिपोर्टवरच्या नकाशात बघा. रंगही जरा चांगला घ्यावा लागतो. आणि चौकोनी, पायऱ्यांचाच आवडत असेल तर अ‍ॅशर कट बघा, अ‍ॅम्स्टरडॅमच्या अ‍ॅशर घराण्याने १९०२ मध्ये काढलेला.

गणिती_घणसोली
कॅरेट हे वजन आहे हे कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजेच १०० सेंट. वजन सारखं असलं तरी वरून दिसणारा आकार शेपप्रमाणे बदलतो. चांगल्या प्रमाणात कापलेला १ कॅरेटचा राउंड साधारण साडेसहा मिमी व्यासाचा भरतो. तेवढ्याच वजनाचा ओव्हल ७.७ बाय ५.७ च्या आसपास. प्रिन्सेस साडेपाच मिमीचा चौकोन. मार्कीज तर १० बाय ५ पर्यंत जातो. गंमत अशी की राउंड आणि ओव्हलचं क्षेत्रफळ काढून बघितलं तर फार फरक नाही, दोन्ही ३३-३५ चौरस मिमीच्या घरात, पण डोळा लांबी मोजतो त्यामुळे ओव्हल मोठा वाटतो आणि बोटही लांब वाटतं. ५० सेंटचा राउंड ५.१-५.२ मिमी.

म्हणून रिपोर्टवर वजनाच्या आधी मिमीचं माप वाचा. काही खडे पोटात खोल ठेवलेले असतात, वजन भरावं म्हणून, ते वजन अंगठीच्या खाली लपतं, वरून दिसत नाही आणि पैसे मात्र पूर्ण घेतले जातात. कुशनमध्ये हे बऱ्याचदा बघायला मिळतं.

अजून एक, ५० सेंट, १ कॅरेट अशा गोल आकड्यांना भावाची पायरी असते. ४६-४८ सेंटचा चांगला खडा मिळाला तर वरून फरक नखाएवढाही दिसत नाही आणि प्रति कॅरेट भाव खालच्या पायरीचा लागतो.

पाचपाखाडी
हे ४६-४८ चं एकदम बरोबर. पण बाकी शेप राउंडपेक्षा स्वस्त का असतात हो? कमी प्रतीचे असतात म्हणून?

कोंदण
नाही नाही, प्रतीचा संबंध नाही. कच्चा हिरा पुष्कळदा अष्टफलक असतो, दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडल्यासारखा. तो मधून कापला की दोन चौकोनी तळ तयारच मिळतात, त्यातून प्रिन्सेस काढताना कमी माल वाया जातो. राउंड काढायचा तर चारी कोपरे घासून टाकावे लागतात, कच्च्या मालातला निम्मा किंवा त्याहूनही जास्त भाग भुकटी होऊन जातो. त्यात राउंडला मागणी जास्त. म्हणून नॅचरलमध्ये त्याच वजनाला, त्याच रंग-शुद्धतेला राउंड महाग. ओव्हल, पेअर यांचा भाव खाली असतो तो यामुळे.

त्र्यंबकवारी
चमकेसाठी माल घासून टाकण्यावरून लिहितोच. आपल्या नाशिकच्या त्र्यंबकेश्वराचा नासक हिरा. पेशवाई संपली तेव्हा १८१८ मध्ये इंग्रजांनी नेला. मूळचा आपल्याकडच्या पद्धतीने घडवलेला, वजन राखून पैलू दिलेला. तिकडे गेल्यावर त्यांनी एकदा कापला, मग १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने परत कापून एमराल्ड कट केला, आज त्याचं वजन ४३.३८ कॅरेट आहे, मुळात त्याच्या दुपटीहून जास्त होतं.

कोहिनूरचंही तेच. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांना तो निस्तेज वाटला, म्हणून १८५२ मध्ये कापला, १८६ कॅरेटचा १०५.६ कॅरेट राहिला. आणि आज कोहिनूर कुठल्या शेपमध्ये आहे, तर ओव्हलमध्ये! त्यामुळे ओव्हल म्हणजे काल आलेलं फॅड असं आईंना वाटत असेल तर हे जरूर सांगा. आपल्या कारागिरांनी खड्याचं मूळ अंग राखलं, यांनी चमकेसाठी अर्धं अंग घालवलं, हे वाचताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. गोवळकोंड्याचं पाणी पुन्हा मिळणार नाही.

खाडीपल्याड
कोहिनूर ओव्हल आहे हे आईला आत्ताच सांगितलं, ती म्हणाली असं का, मग दाखव बघू तो ओव्हल. मनापासून धन्यवाद काका!

पामबीच
लॅब ग्रोन का नाही घेत? त्याच पैशात नॅचरलच्या कितीतरी पट मोठा खडा येतो. शेपची निवडही मोठी, ओव्हल, रेडियंट, लांबट कुशन, पाहिजे त्या लांबी-रुंदीच्या रेशोत मिळतं. आम्ही बहिणीसाठी लॅबचाच घेतला, सगळे खूश आहेत.

पाचपाखाडी
विकायला जा मग कळेल. लॅबचे भाव गेल्या काही वर्षांत धाडधाड खाली आलेत. नॅचरलला निदान एक्स्चेंज पॉलिसी असते.

पामबीच
साखरपुड्याची अंगठी विकायला कोण जाणार आहे दादा? ती कायम हातात राहायची वस्तू आहे. आणि नॅचरल हिराही बिलाच्या किमतीला परत जात नाही, घट लागतेच.

कोंदण
दोघांचंही खरं आहे, वाद नको. लॅबचा हिरा हा हिराच, तोच कार्बन, तीच रचना, सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीने यंत्रात वाढवलेला. दुकानातला टेस्टर लावला तर तोही हिराच दाखवणार, वेगळं ओळखायला मोठी मशिनरी लागते. पंतप्रधानांनी २०२३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा दिला तो लॅबचाच. मोईसनाइट मात्र हिरा नाही, ते सिलिकॉन कार्बाइड, भिंगातून तिरपं बघितलं तर मागच्या कडा दुहेरी दिसतात, ते लॅब डायमंड म्हणून कुणी खपवत असेल तर सावध. बिलावर "लॅब ग्रोन" की "नॅचरल" हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्या, रिपोर्टचा नंबर खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो तो दहापट भिंगातून दाखवायला सांगा. जीआयए तर २०२५ च्या शेवटापासून लॅबच्या हिऱ्याला नॅचरलसारखी रंग-शुद्धतेची बारीक ग्रेड देत नाही, प्रीमियम किंवा स्टँडर्ड एवढंच लिहिते.

पण मला खरी काळजी वेगळी आहे. स्वस्त मिळतो म्हणून लोक दोन-दोन, अडीच कॅरेटचा खडा घेतात आणि रोजच्या अंगठीत बसवायला सांगतात. मोठा खडा म्हणजे खोल खडा, म्हणजे उंच बैठक. जी मुलगी दिवसभर दुसऱ्याच्या अंगावर हात फिरवून बरं करते तिच्या बोटावर सात-आठ मिमी उंच काहीतरी उभं असेल तर पेशंटला ओरबाडणार, टॉवेलात अडकणार, आणि चार महिन्यांत ती काढून ठेवणार. लॅब घ्या की नॅचरल, तिच्यासाठी खडा मध्यम ठेवा आणि बैठक खाली. ओव्हल घेत असाल तर पूर्ण किंवा अर्धं बेझल करा, म्हणजे खड्याभोवती सोन्याची पातळ कड वळवून बसवायची, आपल्या जुन्या कोंदणासारखं. नखं हवीच असतील तर चार ऐवजी सहा, आणि टोकं गोल घासलेली. बेझलने चमक जाते असं सांगतील, उजेड मुख्यतः वरून आत जातो आणि वरूनच बाहेर येतो, कड नीट पातळ घडवली तर फरक फारसा कळत नाही.

कुडी_बुगडी
कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. एकच मोठा खडा हवा असं कुठे आहे? आपल्याकडे सात हिऱ्यांच्या कुड्या असतात ना, मध्ये एक आणि भोवती सहा, तसं फूल अंगठीत करून घ्या. पाच पाच सेंटचे सात राउंड घेतले तर वजन ३५ सेंट, पण एकेक खडा जवळजवळ अडीच मिमीचा, त्यामुळे फूल सव्वासात मिमीच्या वर भरतं. बैठक एकदम खाली, बोटाला चिकटून. माझ्या नणंदेच्या लग्नात आजेसासूबाईंच्या कुडीतले हिरे काढून तिच्यासाठी अशी अंगठी केली, सगळ्या बायका हात धरून धरून बघत होत्या. घरात जुने हिरे असतील तर आईंना विचारा. अशा जुन्या खड्यांचे पैलू हाताने दिलेले असतात, थोडे ओबडधोबड, पण दिव्याच्या उजेडात त्यांचं तेज वेगळंच.

मोगरा_नेरुळ
+१. किती सुंदर कल्पना आहे ही! फक्त खडे मोजून, वजन करून, लिहून द्या कारागिराकडे आणि शक्य असेल तर समोर बसून काढून घ्या.

गणिती_घणसोली
ओव्हलच घेणार असाल तर लांबी भागिले रुंदी काढा. १.३५ ते १.५० मध्ये बहुतेकांना आवडतो. १.३ च्या खाली गेला की धड गोल नाही धड लांब नाही असं वाटतं, दीडच्या वर बारीक होत जातो आणि बो-टायही वाढायचा संभव. बोटं आखूड असतील तर १.४५ कडे जा, लांब सडपातळ असतील तर १.३५-१.४ पुरे.

ऐरोली_लाईन
आणि तिला सोबत न्या! सरप्राइज द्यायचं असेल तर दुसरं काहीतरी द्या. हात तिचा आहे. प्रत्येक शेप घालून तिने मूठ मिटून बघावी, पर्समध्ये हात घालून बघावा, तुमच्या खांद्यावर ती पेशंटला देते तसा दाब देऊन बघावा. ट्रेवरची अंगठी आणि बोटातली अंगठी वेगळी दिसते.

खाडीपल्याड
अपडेट देतो. तिला हा सगळा धागा वाचायला दिला आणि रविवारी सकाळी गोखले रोडजवळच्या एका दुकानात दोघं गेलो, मुद्दाम दुपारच्या आत म्हणजे खरा उजेड मिळेल. दुकानातल्या काकांना सांगितलं की खिडकीपाशी बघायचेत, ते म्हणाले बघा की, निवांत. चार ओव्हल आणि दोन राउंड घेऊन बसलो.

पहिला ओव्हल दिव्याखाली सगळ्यात झगझगीत होता, तोच घ्यायचा असं दोघांनाही वाटलं होतं. खिडकीशी आणल्यावर मध्ये काळी पट्टी इतकी स्पष्ट की तिनेच आधी बोट दाखवलं. डुलवून बघितला, हलेचना. चौथा बघितला तो ४८ सेंटचा, जी रंग, व्हीएस१, रेशो १.४२, दिव्याखाली त्यामानाने साधा होता पण सावलीत धरला तर काठापासून मध्यापर्यंत उजेड सरकत जात होता, पट्टी दोन तुकड्यांत तुटायची आणि परत जुळायची. ती पाच मिनिटं काही न बोलता तोच फिरवत बसली होती, मग म्हणाली हा. राउंड पण घालून बघितले, छानच होते, पण तिच्या बोटावर ओव्हलच तिचा वाटला. कुडीच्या फुलाची कल्पनाही तिला फार आवडली, ती पुढे आईच्या खड्यांतून मंगळसूत्राच्या पेंडंटसाठी करायचं म्हणते. बैठक अर्धं बेझल, खाली.

आता शेवटचे प्रश्न. सोनं १८ कॅरेट घ्यावं की १४? आई २२ म्हणतेय. माप कसं द्यायचं? आणि बिलात काय काय पाहिजे?

कोंदण
खडा छान निवडलात, वाचून बरं वाटलं.

२२ कॅरेट नको, मऊ असतं, खडा धरून ठेवणारी कड महिनोन्महिने वापरून सैल होते. १८ मध्ये ७५ टक्के सोनं, १४ मध्ये साडे५८ टक्के. तिच्या कामाला १४ जास्त टिकाऊ, पण पिवळं सोनं हवं असेल तर १८ चा रंग आईंना जास्त पटेल. अर्धं बेझल आहे त्यामुळे १८ घ्या, दांडी मात्र फार बारीक करू नका, दोन मिमीच्या आसपास ठेवा. हल्ली दीड मिमीच्या नाजूक दांड्या करतात, त्या दाबाच्या कामात वाकतात आणि दांडी वाकली की खड्याची पकड ढिली होते. दांडीवर बारीक हिरे लावायचा आग्रह करतील, तिच्यासाठी नको, तेच आधी गळतात आणि पुढे साइझ बदलताना अडचण होते.

माप संध्याकाळी द्या, सकाळी गार हाताचं देऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत बोटं दिवसभरात फुगतात. अंगठी पेराच्या सांध्यावरून थोडी अडून यायला हवी आणि आत गेल्यावर सहज फिरायला हवी. ज्या रुंदीची दांडी करणार त्याच रुंदीच्या रिंगने माप घ्यायला सांगा.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि कॅरेट, हिऱ्याचं वजन, रंग, शुद्धता, शेप, "नॅचरल", रिपोर्ट नंबर, मजुरी, हॉलमार्कचा खर्च आणि ३ टक्के जीएसटी हे वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे. सोन्याच्या वजनात हिऱ्याचं वजन धरलेलं नाही ना ते बघा. अंगठीच्या आत बीआयएसचं चिन्ह, १८के७५० आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून दुकानातच तपासा. एक्स्चेंज आणि बायबॅकची टक्केवारी तोंडी सांगतात, ती बिलाच्या मागे लिहून सही-शिक्का घ्या.

खडा बसवायला देण्याआधी त्याचा रिपोर्ट नंबर कडेवर वाचून घ्या, आणि अंगठी हातात आल्यावर परत एकदा वाचा. अर्ध्या बेझलमध्ये कडेचा जो भाग उघडा राहतो तिथे नंबर येईल असा खडा फिरवून बसवायला कारागिराला आधीच सांगा, एकदा कड वळवली की मग तो झाकला जातो.

मोगरा_नेरुळ
आणि धुवायचं लिहायचं राहिलं. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, फिजिओमध्ये तेल-जेल लागतच असणार, त्याचा थर खालच्या बाजूला बसला की कितीही चांगला खडा मंद दिसतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, अंगठी थोडी भिजवायची, लहान मुलांच्या मऊ ब्रशने मागून घासायची. बेसिनमध्ये कधीच नाही, वाटीत. वर्षातून एकदा कारागिराकडून कड तपासून घ्यायची.

खाडीपल्याड
सगळं लिहून घेतलं. नंबर उघड्या भागात ठेवायचं मी आत्ताच दुकानात फोन करून सांगितलं, ते म्हणाले बरं झालं आधी बोललात, खडा अजून कारागिराकडे गेलेला नाही. दांडी दोन मिमीची करायलाही तयार झाले. उद्या संध्याकाळी तिची ओपीडी संपल्यावर माप द्यायला जातोय.